पंखातली शिट्टी

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

पावसाळ्यात विमान झाकलेले असते, म्हणून ही दैनंदिनीही झाकलेली राहते. जून ते सप्टेंबर माझ्या आयुष्यात नोंदण्याजोगे काही घडत नाही. आज पुन्हा आरंभ.

पायस कोपरला मला घ्यायला सातऐवजी आठला आला. नवरात्रामुळे टेंभी नाक्याचे रस्ते अडवलेले, त्याची गाडी गल्लीतून निघेना, असे कारण दिले. ती गर्दी दरवर्षीचीच आहे आणि तो जन्मापासून तिथेच राहतो; म्हणजे तासभर आधी निघता आले असते. मी हे बोललो नाही. मुरबाडमार्गे माळशेज चढून साखर कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर पोहोचलो, तेव्हा साडेअकरा झाले होते. राखणदार चांगदेवने ताडपत्री काढून ठेवली होती. गेल्या वर्षी ती विठ्ठलवाडीच्या कारागिराकडून शिवून घेतली, ते चांगले केले. आत थेंब गेलेला नाही.

विमान १९७४ सालचे, चार आसनांचे, एका इंजिनाचे. बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ते निम्मे-निम्मे घेतले. तेव्हा मी कल्याणच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो आणि पायस विमानांच्या देखभालीचा परवानाधारक अभियंता होता. आज मी एकाहत्तर वर्षांचा आहे, तो एकोणसत्तर. डाव्या आसनावर, म्हणजे वैमानिकाच्या जागी, एका रविवारी तो आणि एका रविवारी मी, हा करार आजवर मोडलेला नाही. जानेवारीत माझी वार्षिक वैद्यकीय तपासणी आहे. तिची मला चिंता नाही.

आज पाळी माझी. तीन फेऱ्या, तीन उतरणी, तिन्ही स्वच्छ. मात्र एक दोष आढळला. वेग फार घटला की पंख हवेवरची पकड सोडू लागतो. त्याआधी वैमानिकाला सावध करण्यासाठी डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असते, आणि त्याच्या आत पेटीत असते तशी एक पत्ती. हवा उलटी ओढली गेली की पत्ती वाजते. उतरताना चाके टेकण्याच्या क्षणभर आधी ही शिट्टी ऐकू यायला हवी. तिन्ही वेळा आली नाही.

दोषवहीत नोंद केली : क्रमांक ११२. या वहीचा नियम मीच घालून दिलेला आहे. ज्याला दोष दिसेल त्याने लिहावा, दुसऱ्याने लेखी उत्तर द्यावे, तोंडी चर्चा करू नये. तोंडी वादात पायसचा आवाज मोठा होतो आणि मुद्दा लहान.

रविवार, १३ ऑक्टोबर

११२ला उत्तर : 'तपासली. वाजते. पा.' तीन शब्दांत निकाल. कसे तपासले, कोणासमोर, काही नाही.

आज पाळी त्याची. उजवीकडे माझी मुलगी मेघना बसली. ती कल्याणला राहते, वास्तुरचनाकार आहे, आणि गेल्या वर्षी तिने विमान उडवण्याचा स्वतःचा परवाना मिळवला. मी मागे बसलो. तिला शिकवण्याची इच्छा मी अनेकदा व्यक्त केली होती. ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही शिकवता तेव्हा चूक झाली की व्याख्या सांगता. पायसकाका नुसतं हातावर हात ठेवतात. हे वाक्य मला पाठ आहे.

उतरल्यावर तिने सांगितले, शिट्टी वाजली, छान वाजली. पायस चष्मा पुसत राहिला. मागच्या आसनावर इंजिनाच्या घरघरीत मला ती ऐकू न येणे स्वाभाविक आहे. पण तिच्या 'छान' या शब्दाचे प्रयोजन काय? शिट्टी वाजते किंवा वाजत नाही. छान वाजणे हे पायसच्या कौतुकासाठी योजलेले विशेषण आहे.

तर मग हे मान्य करावे लागेल की विमान त्याच्यासाठी वाजते आणि माझ्यासाठी वाजत नाही. यंत्राला पक्षपात नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी परतताना घाटभर हाच विचार मनात होता, आणि तो लिहून ठेवल्याशिवाय जाणार नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

महापालिकेला पत्र धाडले. कोपरच्या खाडीकाठी यंदा रातकिडे उरलेले नाहीत. भराव आणि रसायने, दुसरे काय? संध्याकाळी मेघना आली होती. तिला पत्राची प्रत वाचून दाखवली. तिने ती हातातून घेतली, पुन्हा वाचली आणि टेबलावर ठेवली. पत्र पाठवायला नको होते, असे काहीसे म्हणाली. अलीकडे ती फार पुटपुटते. पायसशी बोलताना मात्र तिचे बोलणे लांबवर पोहोचत असावे, कारण तो लगेच हसतो.

रविवार, २० ऑक्टोबर

पाळी माझी. पायसला मी म्हटले, आज एकटाच जातो. त्याने गुडघ्याचे कारण काढले. घरी बसून गुडघा आखडतो, विमानात बरा राहतो, म्हणून तो बरोबर येणार. विमानाच्या आसनात गुडघा बरा राहतो हे वैद्यकशास्त्राला अज्ञात असलेले सत्य आहे. गेल्या हंगामातही फेब्रुवारीपासून त्याने मला एकदाही एकट्याने उडू दिलेले नाही. तेव्हा कारण पाठीचे होते.

शिट्टी नाही. नोंद ११३.

रविवार, २७ ऑक्टोबर

११३ला उत्तर : 'पंखाचं झाकण उघडलं. कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. साफ केलं. पत्ती बदलली. पा.'

समाधानकारक. कारण आहे, कृती आहे. मनातल्या मनात मी त्याची क्षमाही मागितली. आज त्याची पाळी, तो मेघनाला घेऊन अहमदनगरच्या दिशेने तासभर फिरून आला. मी खाली चांगदेवबरोबर चहा घेतला. वर ठिपका झालेले विमान आपले निम्मे आहे, हे स्वतःला समजावणे जड जाते. निम्मे कोणते, असा प्रश्न पडतो. ती दोघे ज्यात बसली आहेत ते निम्मे खचितच माझे नव्हते.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज, म्हणून उड्डाण नाही. पायसच्या घरी जेवण होते. त्याची बायको व्हिक्टोरिया विमानाला 'माझी सवत' म्हणते. वाढताना म्हणाली, "मास्तर, तुमचं बरं हाय. तुमच्या घरात बाय नाय, म्हणून ती तुमची पहिलीच. माझ्याकडं मी असून हा तिच्या बोल्टाला तेल घालतो."

सगळे हसले. मीही हसलो. वस्तुतः तिचा मत्सर विनोदात जिरतो, म्हणून तो निरुपद्रवी आहे. माझा जिरत नाही.

जेवणानंतर पायस आणि मेघना सज्जात उभी होती. मी दारापर्यंत गेलो, तेव्हा तिचे ओठ हलत होते आणि मला काहीही ऐकू आले नाही. मला पाहून दोघे गप्प झाली. कुजबुजण्यासारखे त्यांच्यात काय आहे, जे मला समजता कामा नये? एकच संभाव्य विषय मला सुचतो : माझा निम्मा हिस्सा.

रविवार, १७ नोव्हेंबर

शांत डोक्याने लिहितो आहे.

पाळी माझी होती. पायस उजवीकडे, मेघना मागे. शेवटच्या वळणानंतर मी धावपट्टीच्या रेषेत आलो. विमान किंचित जड वाटत होते, पण शिट्टी नव्हती, आणि पत्ती नवी बसवलेली आहे. म्हणजे वेग पुरेसा होता. तेवढ्यात पायसने काही न बोलता समोरचा दांडा एका बोटाने पुढे ढकलला. नाक खाली गेले, वेग वाढला. मग त्याने हात मांडीवर ठेवला.

मी विचारले, "विमान कोणाच्या ताब्यात आहे?"

तो म्हणाला, "तुझ्याच."

बावीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या पाळीत दांड्याला हात लावलेला नाही. उतरल्यावर मेघनाने माझ्या दंडाला धरले आणि काही तरी बोलली. तिचा चेहरा पांढरा होता. मी तो अपमान तिलाही जाणवला असे समजलो.

पायस हात धुवायला गेला, तेव्हा मी चांगदेवला सहज विचारले, त्या माशीच्या घराची माती फार होती का रे? चांगदेव म्हणाला, कोणती माती? झाकण कुणी उघडलंच नाही. फर्नांडिससाहेब त्या दिवशी पंखाजवळ उभे राहिले, रुमाल लावून वाजवून बघितलं आणि वहीत लिहायला बसले.

खोटी नोंद. पायसच्या हातची.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

भागीदारी संपवण्याची लेखी सूचना तयार केली. परार्थानुमानाचे, म्हणजे दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडायच्या अनुमानाचे, पाचही अवयव राखले आहेत.

प्रतिज्ञा : पायस फर्नांडिस माझ्याकडून विमान काढून घेऊ इच्छितो. हेतू : कारण तो विमानाचा दोष लपवून माझे उड्डाण धोक्याचे करतो. उदाहरण : जो भागीदार दोष लपवतो तो दुसऱ्याला घालवू इच्छितो, जसा अमुक खटल्यातला धाकटा भाऊ. उपनय : पायसने ११३ क्रमांकाचा दोष लपवला आहे. निगमन : म्हणून तो विमान काढून घेऊ इच्छितो.

पुन्हा वाचले. 'इच्छितो' हा शब्द तीनदा आला आहे आणि हेतूतून तो पुरता निष्पन्न होत नाही, हे मला दिसते. दोष लपवण्याची अन्य कारणे असू शकतात. पण अन्य कारण कोणते, हे सांगण्याचा भार त्याच्यावर आहे.

येत्या रविवारी साक्षीदारांसमोर शिट्टीची परीक्षा घेईन आणि मग सूचना हातात देईन. विमान त्याला हवे असेल तर तो माझा हिस्सा विकत घेऊ शकेल. मेघना कोणाच्या बाजूला उभी राहते तेही कळेल. खरे तर मला तेच कळून घ्यायचे आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

जे घडले ते क्रमाने लिहितो.

विमान बाहेर उभे होते. इंजिन बंद. वारा नाही. मी पायस, मेघना आणि चांगदेव यांना डाव्या पंखापाशी बोलावले आणि सांगितले की ११३ला दिलेले उत्तर असत्य आहे, आणि ते मी आता सिद्ध करणार आहे. पायस म्हणाला, "मास्तर, राहू दे." मी म्हणालो, राहू द्यायचे असते तर वही ठेवली नसती.

परीक्षेची रीत सोपी आहे. पंखाच्या कडेवरच्या भोकावर स्वच्छ रुमाल धरायचा, त्यावर तोंड लावायचे आणि हवा आत ओढायची. पत्ती शाबूत असेल तर वाजते. या वयात पंखाला तोंड लावून उभे राहणे शोभत नाही, पण पुराव्याला शोभेची गरज नसते. मी पूर्ण श्वास ओढला.

काही नाही.

मी सरळ झालो आणि म्हणालो, "ऐकलंत? पूर्ण शांतता आहे."

मेघनाने तोंडावर हात ठेवला होता. पायस जमिनीकडे पाहत होता. मला वाटले, पकडला गेला. निःसंशयतेसाठी मी दुसऱ्यांदा ओढले, अधिक वेळ. विमानाच्या सावलीत झोपलेले चांगदेवचे कुत्रे उठले, कान टवकारून माझ्याकडे पाहू लागले.

चांगदेव अडखळत म्हणाला, "सर, वाजतंय की. तान्ह्या करडावानी वरडतंय."

मी त्याला पुन्हा सांगायला लावले. त्याने सांगितले. मग मी रुमाल पायसच्या हातात दिला आणि त्याला ओढायला सांगितले. त्याला नको होते. मी हात पुढेच ठेवला. शेवटी तो वाकला, त्याचे गाल आत गेले, आणि मी त्याच्याकडे न पाहता चांगदेवच्या तोंडाकडे पाहत राहिलो. चांगदेवच्या कपाळावर आठी पडली, कर्कश आवाज जवळून ऐकल्यावर पडते तशी. पायसने श्वास सोडला, आठी गेली. पुन्हा ओढला, पुन्हा आली. मी चौघांत एकटा होतो ज्याच्यापुरते तिथे काहीच घडत नव्हते. कुत्र्यासह मोजले तर पाचांत.

वस्तू दिसत नाही, म्हणून वस्तू नाही, असे अनुमान करायचे असेल तर आधी एक अट पुरी व्हावी लागते : ती असती तर मला दिसली असती. ही अट मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिली. ती न तपासणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले. गेल्या सात आठवड्यांत ती मला एकदाही आठवली नाही.

१७ तारखेला शेवटच्या वळणानंतर शिट्टी वाजत होती. माझ्या मुलीने मागच्या आसनावर ती ऐकली. म्हणून तिचा चेहरा पांढरा होता.

परतताना मुरबाडला चहासाठी थांबलो. मेघना गाडीतच बसली. मी पायसला विचारले, खोटे का लिहिलेस?

तो म्हणाला, "वहीत काय लिहू? दोष मालकाच्या कानात हाय? आन तोंडी बोलायचं नाय, हा तुझाच कायदा."

मी म्हणालो, कायदा मोडायचा होता.

त्याने चहाचा ग्लास फिरवला. "मी बोललो असतो तर तू वाद घातला असतास. आन जिंकला असतास. मग पुढच्या रविवारी एकटा उडला असतास. त्यापेक्षा मना गुडघा बरा."

खिशातली सूचना त्याला दिली, कारण ती लिहिली गेली होती आणि लपवणे योग्य नव्हते. त्याने ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत केली. म्हणाला, भाषा चांगली हाय.

सोमवार, २५ नोव्हेंबर

मेघना आली, समोर बसली आणि तोंड माझ्याकडे वळवून, सावकाश बोलली. तिला गेल्या शिमग्यापासून संशय होता. पायसला त्याही आधीपासून. सज्जात ती त्याला सांगत होती की बाबांना आता स्पष्ट सांगायला हवे, आणि तो म्हणत होता की हा हंगाम जाऊ दे, मी बाजूला बसतो. दोघांत भांडण झाले होते. ज्याला मी कुजबुज समजलो ते भांडण होते.

मी विचारले, तू स्वतः का सांगितले नाहीस? ती म्हणाली, तुमचं रातकिड्यांचं पत्र वाचल्यावर धीर झाला नाही.

आता मत्सराचे कारण उरलेले नाही असे तर्क सांगतो. प्रत्यक्षात तो वाढला आहे. माझ्याविषयीची एक गोष्ट आठ महिने त्या दोघांची होती आणि माझी नव्हती. माझ्या काळजीतसुद्धा ती दोघे एकत्र होती. हे अन्याय्य आहे, हे मी जाणतो आणि तरी लिहितो.

गुरुवार, १६ जानेवारी २०२५

वैद्यकीय तपासणी. रक्तदाब, डोळे, हृदय, सर्व उत्तम. मग कानांच्या तपासणीसाठी काचेच्या लहान खोलीत बसवले. कानावर यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचे.

पहिले आवाज जाड होते, ते आले. मग शांतता पसरली. काचेपलीकडे तपासणारी मुलगी पाठमोरी बसली होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की ती आवाज सोडते तेव्हा तिचा उजवा कोपर किंचित मागे येतो. धूर दिसला की अग्नी, कोपर हलला की आवाज. अनुमान निर्दोष होते. बटण दाबत राहिलो असतो तर मला आणखी एक वर्ष मिळाले असते. दोन वेळा दाबलेही.

मग मी डोळे मिटले.

मिटल्यानंतर काय झाले ते ठाऊक नाही. काही ऐकू आले नाही. तिने दार उघडून खांद्याला हात लावला तेव्हा तपासणी संपली होती. शेवटची दोन बटणे चुकीची होती, ती वगळावीत, असे मी तिला सांगितले. तिला त्यातले काही कळले नसावे. तिने पुन्हा मोजमाप घेतले.

डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. वैमानिक म्हणून अपात्र. सोबत बसून जाण्यास अर्थातच हरकत नाही. 'अर्थातच' हा शब्द त्यांनी दयाळूपणे वापरला.

रविवार, १९ जानेवारी

गेलो नाही. पायसचा फोन दोनदा आला. घेतला नाही. डाव्या आसनावर आता दर रविवारी तोच. करार मोडला, आणि कोणीही न मोडता मोडला.

रविवार, २६ जानेवारी

पायस सातला दारात उभा. आज तो वेळेवर आला. म्हणाला, विमानाला दोन मालक हायत, मी एकटा नाय धूत. त्यामुळे गेलो. धुतले. मग तो डावीकडे बसला, मी उजवीकडे. मागे कोणी नाही; मेघनाला काम होते, किंवा काम असल्याचे तिने ठरवले होते.

उड्डाण त्याचे. तो माझ्याहून चांगला उडवतो. हे वाक्य बावीस वर्षांत प्रथम लिहितो आहे आणि लिहिताना काहीही सोपे वाटले नाही. वळणावर त्याचा हात दांड्यावर नुसता ठेवल्यासारखा असतो. माझा धरलेला असे. मी त्या हाताकडे पाहत होतो आणि मला तो हवा होता.

उतरताना धावपट्टी समोर आली. त्याने इंजिनाचा जोर काढला. नाक हलकेच वर. मग, दांडा न सोडता, त्याने दुसऱ्या हाताने माझ्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारली आणि माझ्याकडे पाहिले नाही. शिट्टी वाजते आहे, असे तो मला सांगत होता. पुढेही दर उतरणीला सांगणार, हे त्याच्या मारण्याच्या पद्धतीवरून कळले. जणू हे आधीपासून ठरलेलेच होते.

टिचकी येण्याच्या क्षणभर आधी आसनाखाली विमान सैल पडल्याचे मला जाणवले होते. शिट्टी न ऐकता, त्याच्या आधी, मला कळले होते. हा मुद्दा निर्विवाद होता, पुरावा ताजा होता, आणि तो ऐकायला पायस माझ्यापासून एका हातावर बसलेला होता.

मी तो मांडला नाही. मान हलवली, आणि चाके टेकली.